काळमांजर आलं म्हणतात त्या सकाळी काय करायचं

आमच्या गोठ्यातली दोन शेरडं मेली त्या सकाळी दाराची कडी जशीच्या तशी लागलेली होती. पहाटे धार काढायला आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उठल्या. कडी काढून आत गेल्या आणि आतूनच मला हाक मारली. थोरली शेळी एका कुशीवर पडलेली, तिच्या पाठीला लागून गाभण पाट, म्हणजे तरणी शेळी. रक्ताचा थेंब नाही, मांसाचा तुकडा तुटलेला नाही. तिसरं, दोन महिन्यांचं करडू, गव्हाणीखाली दबून बसलेलं. ते जिवंत होतं. आत्यांनी हात जोडले. "काळमांजर आलतं," म्हणाल्या. "रगत पिऊन गेलं."

बंद दारातून येणारं, रक्त पिणारं, मांसाला तोंड न लावणारं जनावर. मसाई पठाराच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत लहानपणापासून प्रत्येकानं ते ऐकलेलं असतं. नऊ वाजायच्या आत आम्ही दोन्ही शेरडं पुरली, गोठा धुतला, दारात शेणाचा सडा घातला, नारळ ओवाळून पाणंदीच्या वळणावर टाकला. दुपारी वनरक्षक आले. त्यांना दाखवायला आमच्याकडं धुतलेली जमीन होती, दुसरं काहीच नव्हतं. त्या गाभण पाटीच्या भरवशावर मी वर्षभराचा हिशेब मांडला होता.

नंतर मी पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं. आता खालच्या चार वाड्या आणि पठारावरचे धनगरवाडे माझ्याकडं आहेत. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस, आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेची) लस, जंताचं औषध, गोचीड, हेच रोजचं काम. पण कुणाचं जनावर रात्रीत मेलं की डॉक्टरांच्या आधी मला बोलावणं येतं, आणि मी पोचेपर्यंत उंबऱ्यावर काळमांजराची गोष्ट बसलेली असते. त्या सकाळी काय करायचं ते इथं लिहिते. गोष्ट खोटी पाडायला मी निघालेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाव तोंडात यायच्या आधी डोळ्यांनी बघून घ्या. एकदा नाव घेतलं की डोळे त्या नावाचंच बघतात.

पहिला तास घमेल्याचा

दारात गर्दी जमते तेव्हा पहिलं काम घमेली गोळा करायचं. घमेलं, पाटी, परात, जे हाताला लागेल ते. गोठ्याच्या तोंडाशी, उकिरड्यावर, नळाजवळच्या ओल्या मातीत, जिथं ठसा दिसेल तिथं ते पालथं घाला आणि वर दगड ठेवा. माणसाच्या एका चपलेनं ठसा जातो, आणि एका घरात मयताला यावीत तशी माणसं येतात. कुत्री बांधून घाला. पोरांना शाळेला पिटाळा.

मेलेलं जनावर हलवू नका. बाजूला ओढू नका, पाय सरळ करू नका, तोंडावर पाणी घालू नका. ते जसं पडलंय त्यात निम्मी गोष्ट असते. दावं तुटलंय की तसंच आहे, जनावर ओढत नेल्याची फरफट आहे का, कुठल्या बाजूला आहे, वैरण विस्कटली आहे का. राहिलेली शेरडं दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधा. ती थरथरत असतात, त्यांना लगेच खायला घालू नका, पाणी दाखवा.

मोबाईलवर फोटो काढा. एक लांबून, ज्यात दार, जनावर आणि दावं एकाच चौकटीत येईल. एक मानेचा जवळून. ठशाचे फोटो बरोबर वरून काढायचे, तिरपे नाहीत, आणि शेजारी काडेपेटी ठेवायची म्हणजे माप कळतं. नुसत्या ठशाचा फोटो वनखात्याच्या माणसालाही काही सांगत नाही. बोटाएवढा ठसा फोटोत परातीएवढा दिसतो. व्हॉट्सअपवर फिरणारे अर्धे 'वाघाचे ठसे' असलेच असतात.

हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळल्याशिवाय जखमेला हात लावू नका. चावणारं कुत्रं पिसाळलेलं असू शकतं, त्याची लाळ तिथं असते आणि आपल्या बोटाला विळ्याची चीर असते. चुकून हात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा आणि दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारायचं. आणि ते मांस खायचं नाही. "ताजंच हाय की" म्हणणारा एक जण प्रत्येक वाडीत असतो, त्याला परत पाठवा.

रक्त कुठं जातं

काळमांजराच्या गोष्टीचा जीव या एका प्रश्नात आहे, म्हणून इथं जरा थांबते.

एका धनगरवाड्यावर बोकड मेला होता. मोठा, चाळीस किलोच्या वरचा. बाहेर रक्त नाहीच. पशुवैद्यकीय डॉक्टर आले, मी शेजारी बसले. त्यांनी खिशातला साधा कंगवा काढला आणि बोकडाच्या गळ्यावरचे केस उलटे विंचरायला लागले. गळ्याचे केस खळ घातल्यासारखे कडक होऊन एकमेकांना चिकटले होते. ती वाळलेली लाळ. केस बाजूला झाले तेव्हा घाटीच्या (कंठाच्या) दोन्ही अंगांना दोन-दोन भोकं दिसली. शेंगदाणा जाईल एवढी. वरून त्यांच्यावर पातळ खपली, एवढंच. मग डॉक्टरांनी गळ्याचं कातडं सुरीनं सोडवून उलटं केलं. आतली बाजू पिकलेली जांभळं हातानं कुस्करावीत तशी झाली होती. काळीनिळी, ओली, तळहाताएवढी जागा. बाहेर चार भोकं आणि आत हे.

बिबट्या गळा धरतो आणि सोडत नाही. जनावर गुदमरून मरेपर्यंत काही मिनिटं तो तसाच असतो. अंधारात कुणी टॉर्च मारली तर त्याला गळ्याला तोंड लावून निश्चल बसलेलं मांजर दिसणार, आणि बघणारा रक्त पितोय असंच सांगणार. तो खोटं बोलत नसतो. पण मांजराच्या जातीला रक्त ओढून प्यायला जमत नाही. सुळे भोकातच रुतलेले असतात, ते बूच बसावं तसे बसतात. जनावर मेलं की हृदय थांबतं, आणि हृदय थांबलं की रक्ताला बाहेर ढकलणारं कोणी राहत नाही. ते अंगातच खालच्या कुशीकडं उतरतं. त्या बोकडाची खालची कूस डॉक्टरांनी उघडून दाखवली. सगळं रक्त तिथं होतं.

याची दुसरी बाजूही सांगते. एकदा एक शेळी पोट फाडलेली सापडली, आतडी बाहेर, सगळी वाडी काळमांजराचं नाव घेत होती. कातडं सोडवलं तर जखमेच्या कडेला जांभळं काहीच नाही, फिक्कट, कसायाकडं लटकलेल्या मटणासारखं. शेळी आधीच मेली होती. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं होतं, आंत्रविषाराची लस टोचलेली नव्हती. फाडलं ते नंतर, कुत्र्यांनी. जिवंतपणी चावलं तरच आत रक्त साकळतं. हा एक फरक लक्षात ठेवलात तर निम्म्या गोष्टींचा उलगडा तिथंच होतो. मात्र कातडं सोडवायचं काम डॉक्टरांचं आहे. आपण फक्त केस बाजूला करून बघायचं.

कुणाचे दात

गळ्यावर नेमका एकच घट्ट चावा, बाकी अंग स्वच्छ, आणि जनावर ओढत नेलेलं किंवा नेण्याचा प्रयत्न केलेला असेल, तर पहिला संशय बिबट्यावर. सुळ्यांमधलं अंतर पट्टीनं मोजून ठेवा, पण मोठ्या कुत्र्याचं अंतरही त्याच्या जवळपास भरतं, म्हणून नुसत्या मापावर निकाल देऊ नका.

कुत्र्यांचं काम गबाळं असतं. मागच्या मांड्या, शेपूट, कान, पोट, जिथं सापडेल तिथं लचके. एकाच वेळी पाच-सहा शेरडं जखमी, त्यातली दोन मेलेली आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. लोकांना वाटतं एवढी मारली म्हणजे काहीतरी मोठं आणि दुष्ट जनावर असणार. बऱ्याच वेळा रोज आपल्याच दारात भाकरीचा तुकडा खाणारी तीन-चार कुत्री निघतात. हे सांगताना मला वाडीत बोलणी बसली आहेत, कारण त्यातलं एक कुत्रं कुणाचं तरी असतं.

तरस (आमच्याकडचे म्हातारे तडस म्हणतात) मोठी हाडंसुद्धा फोडतं. बहुतेक वेळा ते दुसऱ्यानं मारलेल्यावर येतं आणि आळ मात्र त्याच्यावर जातो. रानकुत्री, म्हणजे कोळसुंदी, कळपानं आणि दिवसाउजेडी मारतात, मागून पोट फाडतात. ती राधानगरी आणि चांदोलीच्या दाट रानाच्या बाजूची, वाडीतल्या बंद गोठ्यात ती येत नाहीत. कोल्हा करडू उचलतो, थोरल्या शेळीच्या वाटेला सहसा जात नाही. रानमांजर आणि मुंगूस यांची मजल कोंबडीच्या खुराड्यापर्यंत.

आणि काळमांजर? आमच्याकडं हे नाव उदमांजरालाही आहे. काळपट अंग, लांब शेपूट, तोंडावर मुखवटा चढवल्यासारखा काळा रंग. रात्री माळ्यावरून आणि कौलांवरून पळतं तेव्हा माणूस चालल्यासारखा आवाज येतो. पण त्याचं वजन तीन-चार किलो. ते फळं खातं, उंदीर खातं, संधी मिळाली तर कोंबडी नेतं. शेळीचा गळा धरायची ताकद त्याच्या जबड्यात नाही. कौलावरचा आवाज त्याचा, गोठ्यातला गळ्याचा चावा बिबट्याचा, आणि वाडीनं दोघांचं मिळून एक जनावर केलं, असं मला वाटतं.

ठसा कसा बघायचा

सकाळी नऊच्या आत बघा, ऊन तिरपं असतं तेव्हा. दुपारी उन्हात ठसा सपाट दिसतो.

मांजराच्या जातीच्या ठशात नखं उमटत नाहीत. चार बोटं, थेंबासारखी, आणि त्यातलं एक थोडं पुढं गेलेलं, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं. मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन फुगवटे. कुत्र्याच्या ठशात नखांचे टोचे दिसतात, आणि ठसा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. तरसालाही नखं उमटतात, आणि त्याचा पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो.

माप मी हातावर घेते. बोटं सोडून माझा तळवा आठ सेंटीमीटर आहे, आणि मोठ्या बिबट्याचा ठसा त्यात बसतो. रानमांजराचा पाच सेंटीमीटरच्या आसपास. पट्टेरी वाघाचा बारा आणि त्याच्या पुढं. चिखलात ठसा पसरतो आणि मोठा वाटतो, म्हणून एक ठसा बघून थांबू नका, कोरड्या मातीपर्यंत माग काढत जा. मात्र उसाच्या कडेशी पोचलात की थांबा. आत जाऊ नका, चार माणसं असली तरी नाही, हातात कोयता असला तरी नाही.

मग गोष्ट ऐका, आणि लिहून घ्या

एवढं बघून झालं की चहा घ्या आणि वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. हे काम टाळू नका. मी सुरुवातीला टाळत होते, डॉक्टरांसमोर असलं ऐकत बसणं बरं दिसत नाही म्हणून. तिथं माझं चुकत होतं.

पठारावर एक तात्या आहेत, ऐंशीच्या पुढचे, सगळा जन्म म्हशींमागं गेला. त्यांना 'तुम्ही काळमांजर बघितलंय का' असं विचारलं की ते गप्प होतात. रात्री तर त्याचं नावही घेत नाहीत, नुसतं 'जनावर' म्हणतात. म्हणून असा प्रश्न विचारूच नका. विचारा, "तात्या, ते कुठनं खाली उतरायचं?" मग ते हातानं दाखवतात. "त्या घळीतनं. ऊस तुटला की. शिमग्याच्या आधी-मागं. एकटं न्हाई येत ते, मागनं दोन बारकी असत्यात."

माझ्या वहीत हे तसंच्या तसं आहे. आता बघा यात काय काय आहे. ऊस तुटला की, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम उतरणीला लागल्यावर, बिबट्याचा आडोसा जातो आणि तो जागा बदलतो. घळीतून, म्हणजे ओढ्याच्या झाडीनं, जिथं त्याला उघड्यावर यावं लागत नाही. मागून दोन बारकी, म्हणजे पिल्लांची मादी. तात्यांनी बिबट्या हा शब्द एकदाही वापरला नाही, पण त्याची वाट, त्याचा महिना आणि त्याचं कुटुंब मला सांगून टाकलं. त्या घळीच्या तोंडाशी ज्यांचे गोठे आहेत त्यांना मी दर माघात जाऊन दारं तपासायला सांगते.

गोष्ट ऐकताना मी या गोष्टी लिहून घेते: महिना कुठला, चांदणं होतं की अंधार, कुठल्या बाजूनं आलं, कुठं गेलं, सांगणाऱ्यानं स्वतः बघितलं की ऐकलं, आणि त्या वेळी रानात काय उभं होतं. रंग आणि आकार सगळ्यात शेवटी विचारते. भीतीत माणसाचा आकाराचा अंदाज सगळ्यात आधी चुकतो. मध्येच तोडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ज्या आजीचं शेरडू गेलंय तिच्यासमोर हसलेली माणसं मी बघितली आहेत. त्यांना त्या घरात पुन्हा कुणी खरं सांगत नाही.

तीन गोष्टी तुम्हाला हमखास ऐकायला मिळतील.

पहिली, ते काळं कुळकुळीत असतं. हे खरं असू शकतं. सह्याद्रीत काळा बिबट्या आहे. ती वेगळी जात नव्हे, एकाच मादीला एका वेळी एक ठिपक्यांचं आणि एक काळं पिल्लू होऊ शकतं. तिरप्या उन्हात त्याच्या काळ्या अंगावरही ठिपके दिसतात. त्याचा ठसा, त्याचा चावा, त्याची रीत सगळी बिबट्याचीच. तेव्हा कुणी काळं बघितलं म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका, लिहून घ्या.

दुसरी गोष्ट फक्त कोल्हापूरचीच असावी. "राजाचं चित्तं सुटल्यालं, त्येची ही औलाद." तात्यांच्या आज्ज्यानं चित्त्यांची गाडी बघितली होती म्हणे. गाडीचा भाग खरा मानायला जागा आहे. कोल्हापूर दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळत. शाहू महाराजांच्या आणि पुढं राजाराम महाराजांच्या काळात काळविटांच्या शिकारीला डोळ्यांवर टोपी घातलेले चित्ते गाडीतून नेत, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत, आणि हे चित्ते आफ्रिकेतूनही आणलेले होते. पण चित्ता दिवसा, उघड्या माळावर, पळून शिकार करतो. त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, त्यामुळं मांजराच्या कुळातला असूनही त्याच्या ठशात नखं उमटतात. अंधारात बंद गोठ्यात शिरणं ही त्याची रीतच नाही. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालं. हे मात्र तात्यांची गोष्ट खोडून काढायला मी त्यांना सांगितलेलं नाही. ते सांगतात, मी ऐकते, वहीत 'आज्ज्याकडून ऐकलेलं' असा शेरा मारते.

तिसरी नवी आहे. 'रात्री गाडी आली, पिंजऱ्यातून जनावर सोडून गेली.' ही गोष्ट संतापानं सांगितली जाते आणि तिच्यात थोडं बीज आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या उसात 2000 सालानंतर बिबटे पकडून लांबच्या रानात सोडले गेले, आणि जिथं सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढले असं अभ्यासकांना आढळलं. म्हणूनच प्रत्येक वेळी 'पिंजरा लावा' हा आपला हट्ट मला पटत नाही. एक नेला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि नेलेला कुणाच्या तरी वाडीला जातो. आमच्याकडं मात्र बिबट्या आणून सोडायची गरज कुणाला पडलेली नाही. पन्हाळ्याच्या वाटेवरचं वाघबीळ, आमच्याच तालुक्यातलं वाघवे, भुदरगडातलं वाघापूर, घाटाघाटात शेंदूर लावलेली वाघजाई. ही नावं साखर कारखान्यांच्या आधीची आहेत. ते जनावर इथलंच आहे.

उसाचा विषय निघालाच आहे तर पिल्लांचं सांगते. फडात पिल्लं सापडली की टोळी घाबरते, मग कुणी ती उचलून घरी आणतं. तसं करू नका. तोड थांबवा, सगळे लांब व्हा, वनखात्याला फोन करा. पिल्लं जागेवर राहिली तर मादी बहुतेक वेळा रात्री येऊन एकेक करून घेऊन जाते. आणि ती पिल्लं बिबट्याची असतीलच असंही नाही. वाघाटी नावाचं अगदी छोटं रानमांजर उसात वितं. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोची, घरच्या मांजरापेक्षा लहान. तिच्या पिल्लांच्या कपाळावर पांढऱ्या रेघा असतात आणि अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. ती उंदीर खाऊन शेतकऱ्याचं राखण करते. काळमांजराची पिल्लं म्हणून ती दगडांनी मारलेली मी बघितली आहेत. एकाचे डोळे अजून उघडलेले नव्हते.

कागद

घटना कळल्यापासून 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. वनरक्षकाचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा, नसेल तर 1926 हा वनखात्याचा फुकट नंबर आहे. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही. किंमत पशुवैद्यकीय डॉक्टर ठरवतात. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, म्हैस, बैल यांना बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये यातली कमी असेल ती रक्कम, आणि शेळी-मेंढीला 75 टक्के किंवा 15,000 रुपये यातली कमी. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्याला यातून काही मिळत नाही. तरीही कुत्र्यानं मारलेलं बिबट्याच्या नावावर घालायला मला सांगू नका, मी लिहीत नाही. तसं केलं तर पुढच्या वेळी खऱ्या बिबट्याच्या पंचनाम्यालाही कुणी विश्वासानं येत नाही.

जबाब देताना 'काळमांजर' किंवा 'अज्ञात प्राणी' असं लिहून घेऊ देऊ नका. काय बघितलं तेवढं सांगा: गळ्यावर चार भोकं, नखं नसलेला आठ सेंटीमीटरचा ठसा, पश्चिमेच्या भिंतीकडून फरफट. आणि रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विषारी औषध टाकू नका. बिबट्याला विष घालणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली मोठा गुन्हा आहे, आणि त्या औषधानं आधी वाडीतली कुत्री मरतात.

दार

मी सांगितलेल्यातलं बाकी काही झालं नाही तरी चालेल, हे मात्र त्याच संध्याकाळी करा. चाखायला मिळालेलं जनावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री परत येतं. भिंत उंच असली तरी वर आढ्याशी उघडं असेल तर तिथून उतरतं, म्हणून वरून जाळी हवी. मेंढरांच्या कळपाला नुसती सुताची वाघर (जाळी) पुरत नाही, भोवतीनं काटेरी फांद्या घाला आणि राखणीला माणूस व उजेड ठेवा. कुडाचा गोठा असेल तर तळाला दोन फूट दगड रचा. कुत्रं गोठ्याबाहेर साखळीला बांधून ठेवू नका, ते बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे आणि साखळीमुळं त्याला पळता येत नाही. वीतभर फट कुठंही राहता कामा नये.

आमच्या गोठ्याचं पत्र्याचं दार आम्ही पुढं दीड-दोन महिन्यांनी बदललं. जुनं दार उतरवून अंगणात आडवं टाकलं तेव्हा माझ्या मुलीनं दाखवलं. दाराचा खालचा कोपरा, बिजागरीच्या उलट्या अंगाचा, किंचित आत वाकलेला होता. पत्र्याच्या धारेला केस अडकले होते, पिवळट, टोकाला काळे. वर कडी होती, खाली नव्हती. कोपरा ढकलून ते आत शिरलं, आणि आत शेरडांना पळायला जागा नसल्यामुळं एकामागून एक दोन मारली. मग त्याच फटीतून ओढून न्यायला गेलं तर शेरडू काही त्यातून निघेना. म्हणून न खाता गेलं. मागं पत्रा आपोआप जवळजवळ सरळ झाला, आणि कडी तर कुणी काढलीच नव्हती.

मी आत्यांना ते केस दाखवले. त्यांनी चिमटीत धरून उजेडात बघितले, बराच वेळ. मग म्हणाल्या, "खाली बी एक कडी लावून घे."

लोहाराकडून करून घेतलेली ती कडी ऐंशी रुपयांना पडली. तुमच्या दाराला खाली कडी आहे का, ते आज दिवे लागायच्या आत बघून या.